जोडीदाराचा शब्द

प्रिय शिडी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, आणि त्याही पेन इतकं दाबून लिहिलेल्या की मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी वाचता येतील. 'तो माणूस असेल तिथे मी येणार नाही. बाकी सगळं छान पार पडू दे.' खाली सहीसुद्धा नाही. ते कार्ड मी साहित्याच्या खोलीत चेंडूंच्या जाळीला खोचून ठेवलंय आणि गेले आठ दिवस येता-जाता त्याच्याशी भांडतेय. आज ठरवलं, हे भांडण मिटवायचं. मुलींना सरावाला सुट्टी दिली, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मला तापच भरलाय. आता दुपारचे तीन वाजलेत, हॉल रिकामा आहे, मी दार लावून घेतलंय आणि मांडीवर प्रथमोपचाराची पेटी घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहितेय. टेबल आहे, पण त्याच्यावर धुतलेल्या जर्सींचा ढीग पडलाय. तू असतीस तर आधी त्यांच्या घड्या घालायला लावल्या असत्यास.

आधी बातम्या सांगते. हॉलची जमीन नवी झाली. जुन्या फळ्या काढायच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. डाव्या बास्केटखालची ती फळी आठवते ना, जिच्यावर चेंडू आपटला की परत वर यायलाच तयार नसायचा? पाहुण्या संघाला आपण बरोबर त्या कोपऱ्यात ढकलायचो आणि मग साळसूदपणे बघत राहायचो. सुताराने ती उचकटली, तर खाली उंदराचं जुनं घरटं आणि केसांच्या आठ-दहा पिना. पिना तुझ्याच, शंकाच नाही. नवी जमीन इतकी गुळगुळीत आणि एकसारखी आहे की मला परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं, पण मुली खूश आहेत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आपल्या वेळच्या सगळ्याजणी तिच्यावर दहा मिनिटं खेळणार. खेळणार कसल्या, धापा टाकणार. सुरुवातीचा चेंडू मास्तर वर टाकणार आहेत. तुझ्या निमंत्रणात मी हे लिहिलं आणि तिथेच माशी शिंकली, ते मला कळलं.

मास्तर आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळे जवळजवळ गेलेत, पण दर गुरुवारी सरावाला येतात आणि भिंतीलगतच्या खुर्चीत बसतात. चेंडूच्या आवाजावरून सांगतात, ती तिसरी मुलगी डाव्या हाताने आळस करतेय. बघावं तर खरंच करत असते. मुली त्यांना आजोबा म्हणतात, आणि ते चक्क ओ देतात! आपण असं म्हणायची हिंमत केली असती तर हॉलला वीस चकरा ठरलेल्या. तू त्यांना गेल्या एकोणीस वर्षांत भेटलेली नाहीस. त्यांच्या आजारपणात आपल्या सगळ्याजणी जाऊन आल्या, तू गेली नाहीस. मी तेव्हा तुला फोनवर म्हटलं होतं, जाऊन ये गं एकदा, आणि तू म्हणालीस, 'माझा गुडघा तेवढे जिने चढत नाही.' त्यांचं घर तळमजल्यावर आहे, हे तुला माहीत होतं. मीही विषय बदलला.

आपली जोडी त्यांनीच जमवली होती. मी सतरा वर्षांची, संघात सगळ्यांत लहान, सगळ्यांत बुटकी. पहिला आठवडाभर मला कुणी पासच देईना. लिंबूटिंबूला खेळायला घेतात ना, तशी मी नुसती धावत होते. 'टिंबू' हे नाव तू ठेवलंस आणि सूड म्हणून मी तुला शिडी म्हणायला लागले. मग एक दिवस मास्तरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि एका टोकाची मुलगी दुसऱ्या टोकाच्या मुलीला जोडून दिली. म्हणाले, आजपासून ही तुझी जोडीदार. एका खोलीत राहायचं, एकमेकींच्या पायांना टेप एकमेकींनी बांधायची, आणि जोडीदाराचं कुठे काय दुखतं ते तिच्या आईपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असलं पाहिजे. त्यांचा तो नियम तुला सांगायला नको, पण मला तो आज पुन्हा नीट मांडून बघायचाय. ते म्हणायचे, 'स्वतःच्या दुखण्याबद्दल खेळाडूइतकं खोटं कुणी बोलत नाही. म्हणून मी दुखणाऱ्याला विचारणारच नाही. मी जोडीदाराला विचारणार. ती खेळ म्हणाली तर खेळायचं, नाही म्हणाली तर बसायचं.' आणि आपल्या स्वतःच्या दुखण्याबद्दल आपण तोंड उघडायचं नाही. आहे म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. सात वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल मला आणि माझ्याबद्दल तुला किती वेळा विचारलं असेल! एकदा तू मला बसवलंस, घोट्यासाठी, तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला होता आणि तू मात्र माझ्याच पलंगावर बसून बिनदिक्कत मासिकं वाचत होतीस.

ती चार जणींची भाड्याची जागा आठवली की अजून हसू येतं. गरम पाणी पहिल्या दोघींनाच मिळायचं आणि तुझ्या पलंगाला पाय पुरावेत म्हणून आपण टोकाला लाकडी खोका जोडला होता. सकाळी सहाला मी अर्धवट झोपेत तुझा डावा गुडघा बांधायला घ्यायचे. वाटीच्या खालून दोन पट्ट्या, मग आडवी, मग शेवटचं टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कारण आतल्या बाजूला तुला खाजायचं. तो गुडघा मला माझ्या स्वतःच्या हातापेक्षा जास्त ओळखीचा होता. आणि मैदानावर तुला माझी मान ओळखीची होती. मी डावीकडे बघून उजवीकडे पास द्यायचे, समोरच्या मुली फसायच्या, आपल्याही फसायच्या, पण तुझे हात बरोबर तिथे असायचे. वर्तमानपत्रात छापून आलं होतं, या दोघींमध्ये बोलणं होतच नाही तरी सगळं ठरलेलं असतं. ते कात्रण तू दारावर चिकटवलंस आणि खाली लिहिलंस, 'बोलणं होतं, आणि फार होतं.'

आता त्या अंतिम सामन्याकडे येते. मी कधी येत नाही त्याच्याकडे, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. आपण इतकी वर्षं सगळ्यावर बोलतो, तुझ्या सासूबाईंच्या ऐकण्याच्या यंत्रापासून माझ्या पांढऱ्या केसांपर्यंत, पण त्या दिवसाबद्दल तू बोलतेस आणि मी ऐकते. तू जे सांगतेस ते मला पाठ आहे. मध्यंतरात मी तुझा गुडघा पुन्हा बांधला. तू नियम पाळलास, दुखतंय म्हणाली नाहीस, एवढंच म्हणालीस की आज जरा सैल वाटतोय. तिसऱ्या भागात तू बाकावर होतीस, टोकाला, डोक्यावर टॉवेल घेऊन. शेवटची चार मिनिटं उरली, आपण पाच गुणांनी मागे होतो, मास्तरांनी टाइमआउट घेतला, आणि टाइमआउट संपताना त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, चल. तू उठलीस. तू मला नंतर कितीदा तरी सांगितलंयस की उठताना तुझ्या मनात धाकधूक होती, पण तू स्वतःला समजावलंस की टिंबूने गुडघा बघितलाय, त्यांनी तिला विचारलं असणार, आणि ती ठीक आहे म्हणाली असेल तर ठीकच असेल. दोन मिनिटांत तू सहा गुण केलेस. मग वरून चेंडू घेऊन खाली येताना तो आवाज झाला. मी सात पावलांवर होते, मला ऐकू आला. आपण एका गुणाने जिंकलो. करंडकाला दोन कान होते, फोटोत मी एक धरलाय आणि दुसरा कुणी धरलेला नाही.

दवाखान्यातलं तुला आठवतंच. प्लास्टर, खिडकीतला तो बंद पंखा, आणि डॉक्टर नुकतेच सांगून गेलेले की दोन शस्त्रक्रिया लागतील आणि नंतर चालता येईल, खेळता येणार नाही. तू रडत नव्हतीस. तू मला फक्त विचारलंस, 'मास्तरांनी तुला विचारलं होतं का गं?' मी म्हणाले, नाही. थोड्या वेळाने मास्तर आले. टोपी हातात, दाढी वाढलेली. तू त्यांनाही तेच विचारलंस, माझ्यासमोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाले, 'नाही विचारलं. गडबडीत राहून गेलं.' त्यावर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस ते आजतागायत. तुझं म्हणणं, ते पडले मोठे, चूक कुणाकडूनही होते, पण सात वर्षं पाळलेला नियम नेमका त्या दिवशी राहून जातो होय? 'त्यांना करंडक हवा होता आणि मी त्यांच्या हातातलं हत्यार होते,' हे तुझं वाक्य. सगळ्याजणींनी ते ऐकलंय. मास्तरांच्याही कानावर गेलं असणार.

त्यानंतर माझं सगळं भराभर झालं. परदेशातल्या त्या क्लबने मला बोलावलं, दोन वर्षं मी अशा गावात खेळले जिथे दुपारी चारला अंधार व्हायचा आणि मला तिथल्या भाषेतले चारच शब्द यायचे, पळ, थांब, चेंडू आणि माफ करा. तिथून तुला पत्रं लिहायचे. तू शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊन रोपवाटिकेत कामाला लागली होतीस, मग तीच रोपवाटिका चालवायला घेतलीस, मग लग्न, मग लेक. तुझं उत्तर यायचं तेव्हा पाकिटात मातीचे कण असायचे. मी चौतीस वर्षांपर्यंत खेळले. निवृत्तीच्या सामन्याला तू लांबून आलीस, मास्तर कुठे बसलेत ते आधी विचारून विरुद्ध बाजूला बसलीस, आणि माझ्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलीस. तू ओरडत होतीस आणि मला वाटत होतं, थांबवा कुणीतरी हिला.

प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष कसं गेलं ते तुला फोनवर रंगवून सांगितलंय. पंच येऊन माझ्या सहायकाशी हात मिळवायचे, कारण तो पुरुष आणि सहा फूट, आणि मला सांगायचे, ताई, पाण्याच्या बाटल्या जरा रेषेच्या मागे ठेवा. मी बाटल्या मागे ठेवून मग संघाच्या यादीवर सही करायचे, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. पण खरं अवघड वेगळंच होतं. माझे हात थांबायचे नाहीत. मुलगी पास द्यायला एक क्षण उशीर करायची आणि बाकावर बसल्या जागी माझं मनगट वळायचं. खेळाडूला फक्त स्वतःचा पुढचा क्षण दिसतो, प्रशिक्षकाला दहाजणींचा दिसतो आणि एकीचाही जगता येत नाही. तेव्हा कुठे मला मास्तरांची ती जागा कळायला लागली. मी पद घेतलं त्या दिवशी त्यांनी मला एकच सल्ला दिला. म्हणाले, 'जोडीदाराचा नियम लावू नकोस. मी सोडलाय तो. पोरींच्या खांद्यावर एवढं ओझं टाकू नये.' त्यांनी तो खरंच सोडला होता, आपल्या त्या सामन्यानंतरच्याच हंगामात. आणि मी, त्यांचं सगळं ऐकणारी, हे एकच ऐकलं नाही. मी नियम लावला. रांगेत उभं करून, एका टोकाची दुसऱ्या टोकाला. का लावला, ते मलाही परवापर्यंत नीट सांगता आलं नसतं.

परवा म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, उपांत्य सामन्यात. माझ्या संघात एक जोडी आहे, मुली त्यांना खारूताई आणि वकील म्हणतात. खारूताई एकोणीस वर्षांची, चेंडू पुढे नेणारी, माझ्याच जागेवर खेळते. एका जागी क्षणभर उभी राहिली तर बक्षीस द्यावं. वकील उंच, पंचांशी वाद घालण्यात पटाईत आणि आमची सगळ्यांत भरवशाची. शेवटच्या भागात वकील पडली, उठली, हसली, हात झटकले, काही झालंच नाही अशा थाटात. मी टाइमआउट घेतला. दोन गुणांनी पुढे होतो. तिच्याशिवाय ते टिकणार नाहीत, हे बाकावरच्या पाण्याच्या बाटल्यांनाही कळत होतं. मी खारूताईला बाजूला घेतलं आणि विचारलं, वकीलचं काय? ती पोर माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघत राहिली, ओठ चावला, मग मान वर करून म्हणाली, 'नको ताई. ती टाच टेकवतच नाहीये.' मी वकीलला बसवलं. आम्ही दोन गुणांनी हरलो.

वकीलने त्याच दिवशी आपलं सामान उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत दिसलं की घोट्याचं हाड चिरलंय, आणखी दोन मिनिटं उड्या मारल्या असत्या तर तुकडा पडला असता. पण तेही कळूनसुद्धा तिचा राग जायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांतल्या एका संध्याकाळी मी इथे आले तर खारूताई इथेच खाली बसून चेंडू पुसत होती. पुसून झालेलेच पुन्हा पुसत होती. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, 'मी चुकले का ताई? ती म्हणते, तू माझी मैत्रीण असतीस तर असं बोलली नसतीस.' आणि मग, 'तुम्हाला कधी असं सांगावं लागलं होतं का? तुम्ही काय सांगितलंत?' शिडी, मी तिला म्हणाले, हवा बघ चेंडूंतली, दोन-तीन बसलेत. आणि निघून आले. इतकी लाज मला हरल्यावर कधी वाटली नाही.

मी तशीच मास्तरांकडे गेले. ते दाराच्या बिजागरीत चाचपडत तेल घालत होते, मला हातात डबी धरून उभं केलं. मी सगळं सांगितलं, खारूताईचं, वकीलचं, सामना हरल्याचं. वाटलं, नियम का लावलास म्हणून रागावतील. ते म्हणाले, 'त्या पोरीला शाबासकी दिलीस का?' मी म्हटलं, नाही. 'मग दे. आजच दे. उशीर झाला की देता येत नाही.' पुन्हा दाराकडे वळले, दार पुढे-मागे करून आवाज येतो का ते ऐकलं, आणि पाठ माझ्याकडे असतानाच विचारलं, 'शिडी येणार का रविवारी?' एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. तुझं कार्ड तेव्हा आलं नव्हतं, पण मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, नाही येणार बहुतेक. ते म्हणाले, 'बरं. तिला आग्रह करू नकोस.' मी परत येऊन खारूताईला शाबासकी दिली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही, कारण ते तिच्याआधी तुला द्यायला हवं होतं.

मास्तरांनी मला विचारलं होतं, शिडी. त्या टाइमआउटमध्ये, माझ्या कानाशी वाकून, नेहमी विचारायचे तसंच, 'शिडीचं काय?' मध्यंतरात मी वाटीच्या खाली अंगठा दाबला होता तेव्हा तू श्वास आत ओढलास, आणि गुडघा माझ्या हातात बाजूला सरकला. सैल म्हणजे काय, ते मला तुझ्या आधी कळलं होतं. मला 'नको' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, 'ठीक आहे. खेळेल.' तुझ्या भल्यासाठी म्हणाले, तुला शेवटपर्यंत खेळायचं होतं म्हणून म्हणाले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवलं. ते खोटं आहे. आपण पाच गुणांनी मागे होतो, तुझ्याशिवाय जिंकणं शक्य नव्हतं, आणि परदेशी क्लबचा माणूस वही घेऊन वरच्या रांगेत बसलाय हे मला सकाळीच कळलं होतं. मला जिंकायचं होतं. एवढंच कारण. आणि दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत बघून मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. मास्तर आत आले, तू त्यांना विचारलंस, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एका क्षणात त्यांना सगळं कळलं. बाहेर जिन्यात मी त्यांच्या मागे धावले, बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, 'तिचा खेळ गेला, टिंबू. आता मैत्रीणही जायला नको. तू तिच्याजवळ राहा.' मी राहिले. तुझ्या प्रत्येक शस्त्रक्रियेला, तुझ्या लग्नात, लेकीच्या बारशाला मी होते आणि ते नव्हते. तू त्यांना नावं ठेवलीस आणि मी ऐकून घेतलं, कधी कधी तर हं सुद्धा म्हटलं. तुझी मैत्री एकोणीस वर्षं मी त्यांच्या जिवावर भोगली. आता खारूताईने, एकोणीस वर्षांच्या पोरीने, मैत्रीण जाईल हे माहीत असून 'नको' म्हटलं, आणि मला कळलं की मी तो नियम का लावला होता. कुणीतरी बरोबर उत्तर दिलेलं मला एकदा ऐकायचं होतं. ऐकलं, आणि राहवेना.

माफी मागत नाही, ती मागण्यासारखी गोष्ट नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तर मी तुझ्या दारात येणार नाही. पण रविवारी ये. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ये. मी हॉलमध्ये नको असेन तर तसं एका ओळीत कळव, सही केली नाहीस तरी चालेल, किल्ल्या खारूताईकडे देऊन मी दिवसभर बाहेर राहीन. साडेनऊला मास्तर चेंडू घेऊन मधल्या वर्तुळात उभे राहतील. त्यांना दिसत नाही, आणि आता तू डावा पाय ओढत चालतेस तो आवाज त्यांनी कधी ऐकलेला नाही, तेव्हा जवळ गेलीस की आधी नाव सांग. सुरुवातीची उडी आपल्या संघात नेहमी तूच मारायचीस. यावेळी उडी मारायची नाही, नुसती त्यांच्यासमोर उभी राहा. चेंडू फार उंच टाकू नका, असं मी त्यांना सांगून ठेवते.

तुझीच,
टिंबू